मुखपृष्ठ बघून लोक म्हणाले, "ॲडमिशनचं आहे ना?" मीडियाच्या वर्गातल्या एका अंकाचं प्रकरण

विद्यार्थ्यांचं मासिक कसं करायचं यावर जे काही वाचायला मिळतं त्यात फॉन्ट कुठला, रंग किती, मास्टहेड (अंकाच्या नावाची पट्टी) केवढं, हेच सगळं असतं. आमचा अंक ज्या प्रश्नावर अडला आणि मग ज्या प्रश्नामुळेच सुटला तो मला कुठेच लिहिलेला दिसला नाही, म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवतेय. तो प्रश्न असा की हा अंक नक्की कोणाच्या बाजूने बोलतोय, विद्यार्थ्याच्या की संस्थेच्या? ऐकायला सोप्पं वाटतं. पण फोटो, हेडिंग, पानांचा क्रम, अगदी मनोगताचं पान कुठे टाकायचं इथपर्यंत प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात समोर येतो.

आधी परिस्थिती सांगते. मीडिया विषयाचं प्रोजेक्ट, सहा जणांचा ग्रुप. पहिल्या वर्षाला नवीन आलेल्यांसाठी मासिकाचा एक अंक करायचा, ए४ साइज, २४ पानं, छापील. फोटो स्वतः काढलेले, मजकूर स्वतः लिहिलेला, नेटवरून उचललेलं काही चालणार नाही. आणि सोबत रिफ्लेक्शनची फाइल, म्हणजे कुठला निर्णय का घेतला त्याचा हिशोब. मार्क दोन्हीला. एक जण संपादक, दोघं लेखन बघणारे, एक फोटोवाली, एक प्रूफ आणि प्रेसचं बघणारा, आणि पानं लावायचं काम माझ्याकडे.

विषय

पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी विषय सांगितले आणि यादी झाली ती अशी: करिअर, परीक्षेची तयारी, मोबाइल ॲप्स, ताणतणाव, एका माजी विद्यार्थ्याची यशोगाथा. वाईट काही नाही यात, पण ही यादी जगातल्या कुठल्याही संस्थेच्या कुठल्याही अंकाची असू शकते. संपादकाने मग एक वेगळा प्रश्न टाकला की नवीन आलेल्या मुलाला असं काय माहीत नसतं जे तो कोणाला विचारायलाही लाजतो? यावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही, आणि मग लेखनवाल्यांपैकी एक म्हणाला, लेक्चर ऑफ झाल्यावर कुठे जायचं ते.

हे इतकं खरं होतं ना. वर्गात सर येतात, सांगतात आज तास नाही, सगळे पटापट उठतात, दोन मिनिटांत वर्ग रिकामा, आणि नवीन मुलगा बॅग भरायचं नाटक करत बसतो कारण त्याला माहीतच नसतं की हे सगळे गेले कुठे आणि आपण त्यांच्यामागे गेलो तर चालतं का. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारत फिरलो तर वेगवेगळ्या शब्दांत हेच परत परत आलं. एकीने सांगितलं की ती सुरुवातीला प्रत्येक ऑफ तासाला फोन कानाला लावून गेटपर्यंत जाऊन परत यायची, कोणाला वाटू नये की ती एकटी आहे. तर कव्हर स्टोरी ठरली, रिकामा तास.

डमी

डमीवर, म्हणजे अंकाच्या कच्च्या नमुन्यावर, थोडं लिहिते कारण नवीन ग्रुप नेहमी हा टप्पा टाळतात आणि थेट कॉम्प्युटरवर बसतात. आम्ही कागद दुमडून हातानेच डमी केली. मधोमध पिन मारून बांधणाऱ्या अंकात पानांची संख्या चारच्या पटीत लागते, कारण एका दुमडलेल्या कागदावर चार पानं बसतात. २४ पानं म्हणजे ए३ चे सहा कागद. पान १ आणि २४ एकाच कागदावर, २ आणि २३ एकाच कागदावर, जोडीची बेरीज नेहमी २५ येते. याचा उपयोग काय, तर शेजारी शेजारी दिसणारी आणि खरोखर एकाच अखंड कागदावर छापलेली जोडी फक्त १२-१३ ची असते. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या, त्यामुळे दोन पानांवर पसरलेला फोटो एखादा मिलिमीटर जरी सरकला तरी चेहरा मधून तुटल्यासारखा दिसतो. म्हणून आमचं सगळ्यात मोठं चित्र, सगळ्या इमारतीचा हाताने काढलेला "ऑफ तासाचा नकाशा", १२-१३ वर गेलं. कुठे शांत बसता येतं, कुठे चार्जिंगचा प्लग चालू आहे, कुठे मोठ्याने हसलं तरी चालतं, कुठे एकटं बसलेल्याकडे कोणी बघत नाही, असं सगळं त्यात.

डमीवर अजून एक गोष्ट दिसली जी स्क्रीनवर दिसत नाही. सलग सहा पानं नुसता मजकूर होता. हातात धरून पान उलटलं की कळतं वाचणारा कुठे दमेल ते.

पहिलं मुखपृष्ठ

आता मुख्य भाग. पहिलं मुखपृष्ठ सगळ्यांना आवडलेलं. मुख्य इमारतीसमोर तीन जण, हातात पुस्तकं, चेहऱ्यावर हसू, तिघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, मागे निळं आकाश. वर अंकाचं नाव जाड अक्षरात, डावीकडे चार कव्हरलाइन्स, म्हणजे आतल्या लेखांकडे ओढणाऱ्या ओळी. पुस्तकी नियमांनी बघितलं तर त्यात खोट नव्हती. रूल ऑफ थर्ड्स (चौकट उभी-आडवी तीन-तीन भागांत वाटून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची) पाळलेला, चेहरे वाचकाकडे बघतायत, फोटो छपाईला पुरेसा मोठा, ए४ ला ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) लागतात त्या २४८० बाय ३५०८ पिक्सेलपेक्षा जास्तच.

मॅडमनी फक्त एवढं सांगितलं की छापायच्या आधी वाचकाला दाखवा. तर आम्ही प्रिंट काढली आणि साधी टेस्ट केली, पाच सेकंद दाखवायचं, उलटं ठेवायचं आणि विचारायचं की हे काय होतं आणि कोणासाठी होतं. उत्तरं जवळपास एकाच सुरात आली. "ॲडमिशनचं आहे ना?" "प्रॉस्पेक्टस." एक मुलगा तर सरळ म्हणाला की माझी ॲडमिशन झालीये ऑलरेडी, आणि कागद परत देऊन निघाला. कव्हरलाइन्स कोणी वाचल्याच नव्हत्या. वाचायची गरजच वाटली नाही त्यांना, कारण चित्र बघून त्यांनी ठरवून टाकलेलं की हे आपल्याला काहीतरी विकायला आलंय.

वर्गात स्टुअर्ट हॉल हे माध्यमांचे अभ्यासक शिकवले होते, १९७३ चा त्यांचा एन्कोडिंग-डिकोडिंगचा विचार, की संदेश तयार करणारा त्यात एक अर्थ भरतो पण घेणारा तो तसाच उघडतो असं नाही, तो मान्य करेल, थोडा मान्य करून थोडा वाकवेल, किंवा सरळ उलटा घेईल. परीक्षेत लिहायला हे छान असतं. पण आम्ही भरलं होतं "हे तुझ्यासाठी आहे" आणि उघडल्यावर निघालं "संस्था किती चांगली आहे बघ", हे डोळ्यासमोर घडलं तेव्हा तो सिद्धांत पहिल्यांदा कामाची वस्तू वाटला. कारण आता पुढचा प्रश्न हातात आला: फोटोतली नेमकी कुठली गोष्ट हे करतेय?

इथे संपादकाने जे केलं ते मला पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. ती म्हणाली, नवीन आयडिया नको, याच फोटोतली एकेक गोष्ट काढून बघू. मग फोटोवालीने तेच तिघं घेऊन परत फोटो काढले, एकात इमारत नाही, एकात पुस्तकं नाहीत, एकात हसू नाही, एकात कॅमेऱ्याकडे बघणं नाही, आणि प्रत्येक प्रिंट नवीन लोकांना दाखवली, ज्यांनी आधीची बघितलेली नाही अशांना. आमचा सगळ्यांचा अंदाज होता की दोष इमारतीचा. पण इमारत काढली तरी लोक प्रॉस्पेक्टसच म्हणत राहिले! हातातलं पुस्तक आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेलं हसू, ही जोडी एकत्र होती तोवर उत्तर बदललं नाही, दोन्हीपैकी एक काढलं की लोक अडखळायला लागले, "हे... काय आहे, मॅगझिन आहे का?" ते अडखळणं आम्हाला हवं होतं, कारण अडखळला की माणूस कव्हरलाइन वाचतो.

विचार केला तर कारण कळतं. आपण स्वतः पुस्तक छातीशी धरून हसत उभे कधी असतो? कोणीतरी फोटो काढायला उभं केलं तेव्हाच. म्हणजे ती पोझच मुळात संस्थेच्या नजरेतून घेतलेली आहे, आणि वाचणाऱ्याला हे शब्दात सांगता आलं नाही तरी डोळ्यांना बरोबर कळतं.

दुसरं मुखपृष्ठ

दुसरा फोटो जिन्यावरचा. पायऱ्यांवर बॅगा पसरलेल्या, चार-पाच जण अर्धवट वळून आपापसात बोलतायत, आणि एक मुलगा मान वर करून सरळ आपल्याकडे बघतोय आणि एका हाताने स्वतःची बॅग बाजूला ओढतोय, म्हणजे जागा करून देतोय. वाचकाकडे बघणारा चेहरा ठेवायचा की नाही यावर ग्रुपमध्ये बराच वाद झाला कारण आधीच्या टेस्टनंतर काहींना ती गोष्टच नको होती. मला ठेवायचा होता. बघण्याला कारण असलं तर ते पोझ वाटत नाही, आणि इथे कारण होतं, तू आत्ता आलायस म्हणून तो बघतोय.

खाली मोठी कव्हरलाइन एकच, "लेक्चर ऑफ. आता कुठे?" बाकीच्या तीन बारीक केल्या. चित्राला शब्द कसा बांधून ठेवतो यावर रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंतांनी १९६४ मध्ये लिहिलंय, त्याला ते अँकरेज म्हणतात, नांगर टाकणं. चित्राचे अर्थ अनेक दिशांना वाहू शकतात, शब्द त्यातल्या एकाला धरून ठेवतो. हा फोटो कव्हरलाइनशिवाय दाखवला तर काहींना तो संपाचा किंवा निकालाची वाट बघण्याचा वाटला. ओळ घातली की सगळे एकाच ठिकाणी आले.

टेस्टमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांनी विचारलं, "हे कोणी काढलंय? कुठे मिळेल?" तेवढं पुरेसं होतं. पण सगळ्यांना आवडलं असं नाही. वर्गाबाहेरच्या एका शिक्षकांचं म्हणणं पडलं की याने तास बुडवण्याला प्रोत्साहन मिळतं. त्यांचं म्हणणं आम्ही फाइलमध्ये जसंच्या तसं लिहिलं, कारण तेही एक वाचनच आहे आणि ते येणार हे गृहीत धरायलाच हवं. मुखपृष्ठ बदललं नाही, पण आत पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट केलं की हा तास आपण सोडलेला नाही, तो आपल्याला मिळालेला आहे.

मनोगताचं पान

अशा अंकात पहिल्या पानावर संस्थाप्रमुखांचा फोटो आणि शुभेच्छा संदेश असतोच. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की टाका, पण न टाकणं उद्धटपणाचं दिसेल ही भीती सगळ्यांना होती. आणि पान ३ वर तो संदेश गेला असता तर मुखपृष्ठावर केलेली सगळी मेहनत पान उलटल्या उलटल्या वाया गेली असती.

इथला मार्ग संपादकानेच काढला. तिने संदेश मागायच्या ऐवजी मुलाखतीची वेळ मागितली. प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलांकडून गोळा केले आणि त्यातला पहिला होता, "तुम्ही शिकत असताना ऑफ तासाला काय करायचात?" प्रमुख खूप मोकळं बोलले, ते कुठे बसायचे, कोणासोबत, एकटं कधी वाटलं, सगळं. फोटोही टेबलामागे बसलेला नाही, त्याच जिन्यावर उभा राहून काढलेला. ती मुलाखत पान ८ वर गेली आणि नंतर कळलं की ती भरपूर वाचली गेली. शुभेच्छा संदेश तसा कोणी कधी वाचलेला मला तरी माहीत नाही. आदर पूर्ण राखला गेला, फक्त बोलण्याची दिशा बदलली, वरून खाली येणारा संदेश होता तो समोरासमोरचा झाला.

मजकूर

पहिल्या खेपेला जे लेख आले ते निबंध होते. एकाची सुरुवात, "विद्यार्थी जीवनात वेळेला अनन्यसाधारण महत्त्व आहे." लिहिणारा मुलगा बोलताना इतका मजेदार की त्याच्याभोवती गर्दी जमते, आणि पेन हातात घेतलं की हा शाळेतला सुविचाराचा फळा. हा त्याचा दोष नाही, इतकी वर्षं आपल्याला लिहायचं म्हणजे असंच लिहायचं हेच शिकवलं जातं.

उपाय साधा केला. त्याला म्हटलं लेख लिहू नकोस, मला फोन कर आणि सांग, आणि कॉल रेकॉर्डवर टाक. मग ते रेकॉर्डिंग उतरवून घेतलं आणि त्यातून कापत गेलो. नवीन सुरुवात आली ती अशी, "पहिल्या आठवड्यात मी वाचनालयात इतका बसलो की तिथल्या काकांना वाटलं मी फार अभ्यासू आहे." हा तोच मुलगा आणि तोच विषय! लेखन बघणाऱ्या दोघांचं खरं काम इथे होतं, उतरवलेल्या बोलण्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, कारण बोलणं जसंच्या तसं छापलं तर तेही वाचवत नाही, माणूस तीच गोष्ट तीनदा सांगतो.

लेख सुटसुटीत झाले की चौकटी आपोआप सुचायला लागल्या. वाचनालयाचे नियम, हरवलेलं ओळखपत्र परत कसं मिळवायचं, असं कोरडं पण लागणारं सगळं चौकटीत टाकलं आणि मुख्य मजकूर मोकळा ठेवला. फोटोओळी सगळ्यात शेवटी लिहू नका, हा माझा आग्रह आहे. बहुतेक वाचक आधी फोटो बघतो, मग हेडिंग आणि फोटोओळ, आणि लेखाकडे वळायचं की नाही ते तिथेच ठरवतो. वाचकाला तू म्हणायचं की तुम्ही हेही आधीच ठरवून स्टाइल शीटवर (लिखाणाचे ठरलेले नियम एकत्र लिहिलेला कागद) लिहिलं, वाचकाशी तू, मुलाखतीत तुम्ही, नाहीतर एकाच पानावर दोन्ही आलं असतं.

मराठी अक्षरं लावताना

हा माझा भाग, म्हणून जरा सविस्तर. लेख कुठून कुठून आले तर काही मोबाइलवर टाइप केलेले युनिकोडमध्ये, जे सगळीकडे सारखंच दिसतं, आणि काही डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टचा मजकूर दिसायला मराठी असतो पण आत साठवलेलं सगळं इंग्रजी कीबोर्डचं असतं, फॉन्ट बदलला की अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणलं, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ नव्याने, मूळ समोर ठेवून वाचावं लागतं. पुढच्या ग्रुपला सांगणं हेच की पहिल्या दिवशीच सगळ्यांना युनिकोड सक्तीचं करा.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी पेस्ट केलं आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर सुटं झालं तर घाबरू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला की जागेवर येतं. मजकुराला आम्ही मुक्ता हा फॉन्ट वापरला, तो मोफत आहे आणि मुक्त परवान्याचा आहे त्यामुळे छपाईला वापरताना हक्काचा प्रश्न येत नाही.

अजून तीन गोष्टी, ज्या इंग्रजी ट्युटोरियल बघून शिकलेल्या प्रत्येकाला नडतात. एक, हेडिंगच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवू नका, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द अक्षरांमध्ये विखुरतो. दोन, दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं कारण आपल्याकडे वरती मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, दोन्हीकडून ओळ वाढते. ११ पॉइंटच्या मजकुराला मी १६ चं अंतर दिलं तेव्हा कुठे पान श्वास घ्यायला लागलं. तीन, अरुंद कॉलममध्ये दोन्ही कडा सरळ करायच्या भानगडीत पडू नका. मराठी शब्द लांब असतात, ओळीच्या शेवटी ते तोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा बसवलेली नसते, आणि मग शब्दांमध्ये मोठी मोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे बघायला आधी विचित्र वाटलं पण वाचायला सोपं गेलं.

परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस फोटोवालीला होती. "स्ट्र" किंवा "कॉ" ने सुरू होणाऱ्या शब्दाचं काय मोठं करायचं, आणि मोठ्या अक्षराची शिरोरेषा कुठल्या ओळीला जोडायची, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही म्हणून ते सोडून दिलं.

फोटोची परवानगी

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवले की दाबले जातात, म्हणजे लहान होऊन दर्जा उतरतो, तेव्हा मूळ फाइलच गोळा करा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० ने भागला तर ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, तेवढाच तो नीट छापता येतो. हा तांत्रिक भाग झाला.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. फोटोत ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी घेतली, १८ च्या आतल्यांसाठी पालकांचीही. एक फोटो होता, वाचनालयात वहीवर डोकं ठेवून झोपलेली मुलगी, सुंदर उजेड, कव्हर स्टोरीच्या पहिल्या पानाला अगदी जमून गेलेला. तिने सही केली होती. पण पानावर लावलेला दाखवल्यावर ती हसली आणि म्हणाली, ठीक आहे, टाका, आणि ते ठीक आहे थोडं उशिरा आलं. फोटोवालीने तो फोटो स्वतःहून काढला. मार्कांच्या दृष्टीने तो अंकातला सगळ्यात चांगला फोटो होता, तरी तिने काढला, आणि मला वाटतं अंक विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे हे त्या निर्णयात जितकं दिसतं तितकं मुखपृष्ठातही दिसत नाही.

छपाई

इथे फार सांगण्यासारखं नाही. पानाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून जास्तीची छपाई), म्हणजे फाइल २१६ बाय ३०३ मिलिमीटरची. मास्टहेडचा झगझगीत हिरवा स्क्रीनवर जसा होता तसा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत) येतच नाही, चार शाईंच्या आवाक्याबाहेरचा रंग तो, प्रेसवाल्यांनी प्रूफ दाखवलं तेव्हा गडद हिरव्यावर तडजोड केली. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा, चारही शाई मिसळून नको, नाहीतर छपाई जराशी सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते.

वाचताना बघणं

अंक वाटला नाही, जिन्यावर, वाचनालयात, कँटीनमध्ये ठेवून दिला आणि लांबून बघत बसलो. बरेच जण अंक मागून उघडतात! शेवटचं पान, मग अंगठ्याने भर्रकन पुढे, मग जिथे काही दिसेल तिथे थांबायचं. आम्ही २३ वर आभार आणि श्रेयनामावली टाकलेली, म्हणजे बऱ्याच वाचकांची पहिली ओळख नावांच्या यादीने झाली. त्या जागी एखादं छोटं, लगेच पकडणारं काही हवं होतं. मधलं पान मात्र पिना सोडवून लोकांनी काढून घेतलं. काही ठिकाणी तो नकाशा भिंतीवर लागला. नुसतं "वाचकांना काय हवं असतं" याच्या सिद्धांतावर बसून हे कळलं नसतं.

रिफ्लेक्शनची फाइल

बऱ्याच ग्रुपच्या फाइली अंक झाल्यावर एका बैठकीत लिहिल्या जातात, आणि त्यात प्रत्येक निर्णयाला मागाहून एक सिद्धांत चिकटवलेला असतो. आमच्या मॅडमची अट होती की प्रत्येक निर्णय त्याच दिवशी लिहायचा आणि सोबत नाकारलेला पर्यायही लिहायचा. या अटीमुळे आमची फाइल वाचण्यासारखी झाली. उदाहरण देते, मुखपृष्ठाच्या दिवशीची नोंद: "इमारत काढली, फरक नाही. पुस्तक आणि हसू एकत्र असेल तर प्रॉस्पेक्टस. उद्या हसू ठेवून पुस्तक काढून बघणे." यात हॉलचं नावसुद्धा नाही, पण त्याचा विचार यात पुरेपूर आहे. नाव आम्ही नंतर, शेवटच्या लेखनात घातलं. मूल्यमापन करणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे की नाकारलेल्या पर्यायांना वेगळे मार्क द्या. विद्यार्थी विचार कुठे करत होता ते तिथेच दिसतं, छापून आलेल्या गुळगुळीत पानावर नाही.

एक पत्र

अंक बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. ती व्हीलचेअर वापरते. तिने लिहिलं होतं की अंक आवडला, मुलाखत दोनदा वाचली, पण मुखपृष्ठावर जो मुलगा बॅग सरकवून जागा करतोय ती जागा जिन्यावर आहे, आणि नकाशात दाखवलेल्या बऱ्याच जागांपर्यंत तिला पोचताच येत नाही. लिफ्ट कुठे आहे, रॅम्प कुठल्या दाराला आहे, यातलं काहीच नकाशात नव्हतं.

ग्रुपमध्ये यावर दोन मतं झाली. एक म्हणे पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून चौकट टाकू. संपादकाचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला तेच पटलं, की चौकट म्हणजे परत आपणच तिच्याबद्दल बोलणार. तिने त्या विद्यार्थिनीला विचारलं की मधली दोन पानं तू घेशील का. ती हो म्हणाली, पण एका अटीवर, नकाशा ती स्वतः फिरून करणार आणि सोबत फोटोवाली लागेल, कारण रॅम्पचे फोटो बसलेल्या माणसाच्या उंचीवरून काढायचेत. आमचं प्रोजेक्ट आता संपलंय, मार्कही लागलेत, त्यामुळे हा दुसरा अंक पुढच्या बॅचकडे जातोय. डमी, स्टाइल शीट, मूळ फाइली, फॉन्ट आणि परवानगीचे कोरे फॉर्म असं सगळं एका फोल्डरमध्ये त्यांच्या हवाली केलंय, १२-१३ वर तिचं नाव लिहून.